यशया ड्रायव्हरचे गैरहजर अठरा महिने

श्रीरामपूरजवळच्या एका वाडीत यशया भिंगारदिवेला सगळे ड्रायव्हर म्हणत, जरी १९७२ साली तो दुष्काळी कामावर खडी फोडत होता. महायुद्धात त्यानं आफ्रिकेच्या वाळवंटात पलटणीचा ट्रक चालवला, शत्रूच्या हाती सापडला आणि अठरा महिने इटलीत कैदेत काढले. पलटणीच्या कागदांत मात्र तेवढ्या महिन्यांपुढं 'गैरहजर' असा शेरा होता आणि पगार कापलेला. वाडीतली टवाळ माणसं त्यावरून त्याला पळपुटा म्हणत. पंचवीस वर्षं तो अर्ज करत राहिला. बायको हन्ना म्हणायची, एवढी पत्रं देवाला लिहिली असती तर त्यानंसुद्धा उत्तर दिलं असतं.

त्या वर्षी जुन्या सैनिकांचे असे दावे तपासायला एक सरकारी समिती विश्रामगृहात येऊन बसली. प्रमुख होते एक निवृत्त कर्नल. त्यांनी यशयाकडं कैदेतून सुटल्याचा दाखला मागितला. यशया म्हणाला, एका सकाळी छावणीचे पहारेकरीच पळून गेले, दाखल्यासाठी त्यांच्या मागं कोण धावणार? कर्नल हसले नाहीत. उद्या दुपारपर्यंत काहीतरी पुरावा आण, म्हणाले.

वाट हन्नानं काढली. कॅथलिक मिशनमधले म्हातारे फादर मूळचे इटलीचे होते. भिंगारदिवे दुसऱ्या चर्चचे, पण हन्नाच्या मते सरकारी टेबलापुढं सगळे ख्रिस्ती सारखेच.

दुसऱ्या दिवशी फादर आले. छावणीत शिकलेलं काहीतरी बोलून दाखव, असं कर्नलनी सांगितलं. यशया ताठ उभा राहिला आणि हजेरी घेताना पहारेकरी कैद्यांना रोज जे म्हणत, ते त्यानं एका दमात म्हटलं. फादर कानापर्यंत लाल झाले.

"अर्थ काय याचा?" कर्नलनी विचारलं.

"अर्थ मी सांगणार नाही," फादर म्हणाले. "पण हा माणूस तिथं होता. हे कुठल्या पुस्तकात शिकायला मिळत नाही."

कारकुनानं 'साक्षीदाराने भाषा ओळखली' एवढंच लिहून घेतलं.

चार महिन्यांनी मनीऑर्डर आली. सोबतच्या पत्रात 'गैरहजर'च्या जागी 'युद्धकैदी' होतं. पलटणीनं दिलेल्या आणि कैदेत हरवलेल्या दोन ब्लँकेटांची किंमत तेवढी कापली होती. यशयानं पैसे न मोजताच हन्नाकडं दिले आणि पत्र तीनदा वाचलं.

"मी पळालो नव्हतो," तो म्हणाला. "आता सरकारनंच लिवलंय."

हन्नानं दोन शेळ्या घेतल्या. एक उन्हाळ्यात मेली, दुसरीला जुळी झाली.