मास्तरांना दिलेला मध

भेटवस्तूला माझ्या मामांइतका घाबरणारा माणूस साऱ्या मावळात दुसरा नसेल, हे विधान मी पूर्ण निरीक्षणांती करते. मामा भाजे लेण्यांजवळच्या एका खेड्यात मास्तर होते. सण किंवा परीक्षा जवळ आली की पालकांच्या मनात गुरुभक्ती दाटून येई आणि मामांच्या ओसरीवर काकड्या, तांदूळ, तूप प्रकट होई. मास्तरच्या पोटात गेलेला जिन्नस गुण देताना बोटांत उतरतो, असा मामांचा सिद्धान्त. म्हणून तांदूळ-तूप ते स्वतः दात्याच्या घरी पोचवून येत आणि काकडी वर्गात नेऊन तिच्यावर अपूर्णांक शिकवत. शिकवून झाले की सारा वर्ग ते उदाहरण खाऊन टाकी. एकदा एक बडे शेतकरी कुरकुरले, “मास्तर, काकडी तुमास्नी दिलती, समद्या गावाला न्हाई.” मामा शांतपणे म्हणाले, “पुढच्या वेळी भोपळा आणा, आबा. पोरांचे अपूर्णांक अजून कच्चे आहेत.” मामी मला म्हणे, “या घरात तूप फक्त उंबऱ्यापर्यंत येतं.”

मी पुण्याला रसायनशास्त्र शिकत होते, तेव्हाची गोष्ट. सुटीत मामांकडे आले असताना एका सकाळी डोंगरावरच्या वाडीतली एक बाई गाडगंभर मध घेऊन आली. तिची मुलगी चौथीत होती. त्या वाडीतून शाळेत येणारी पहिलीच. मामा अत्यंत आपुलकीने म्हणाले, “मावशी, हा लोणावळ्याच्या बाजारात विका. मला नको.” मावशी गाडगं उचलून परत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत दिसेना. परीक्षा तोंडावर आलेली. ती चुकली असती तर तिचे शिक्षण तिथेच संपले असते.

मामा डोंगर चढले, मागून धापा टाकत मी. मावशी अंगणात लाकडे रचत होती. वर न पाहताच म्हणाली, “गावातली काकडी घेतली, पोरांस्नी वाटली. आमचा मध तेवढा परत धाडला. आमच्या हातचं तुमास्नी चालत न्हाई, व्हय ना? मंग माझ्या पोरीला शिकवणार कसं?”

मामांच्या सिद्धान्तात ही शक्यता धरलेलीच नव्हती. दया आणि विटाळ परक्याला बाहेरून सारखेच दिसतात, हे समजायला आम्हा दोघांनाही डोंगर चढावा लागला. मामा अंगणातच मांडी घालून बसले. “गाडगं कुठंय?” मध समोर येताच त्यांनी बोटे बुडवून चाटली, मग पुन्हा, मग आणखी एकदा.

“बास करा मास्तर, उष्ण पडंल,” मावशी हसू दाबत म्हणाली. “आता पोरगी पास व्हईल का?”

“मधानं नाही व्हायची. उद्या शाळेत पाठवलीत तर होईल.”

“धाडते की.”

मुलगी पास झाली, तीही स्वतःच्या गुणांवर. मामांना मात्र आपला नियम पुन्हा कधी नीट मांडता आला नाही. दारात कोणी काही घेऊन आले की ते आधी त्याला बसवून घेत, घरचे कसे चालले आहे ते विचारत. आणि घ्यावे की न घ्यावे हे ठरवता ठरवता कधी कधी त्यांना संध्याकाळ होई.