काट मारलेलं चरित्र

धुळ्याच्या शाळेत आबांनी आम्हाला भूमिती शिकवली. निवृत्तीनंतर ते शिंदखेड्याला गेले आणि दोन हजारांवर वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक गणितज्ञाची काही प्रमेयं त्यांनी सोप्या मराठीत उतरवली. खेड्यातल्या मुलांसाठी पुस्तिका काढायची होती. दुखणं बळावलं होतं; जाण्याआधी हे एवढं नीट व्हावं, असं त्यांना वाटे. सुरुवातीला दोन पानं त्या गणितज्ञाचं चरित्र हवं होतं. ते माझ्याकडे आलं. मी तेव्हा जळगावात मोर्च्यांची पत्रकं लिहायचो.

चरित्राला सामग्रीच नव्हती. तो इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात शिकवायचा, भूमितीचे तेरा खंड त्यानं रचले. जन्मगाव, आईबाप, मरण, काहीच ठाऊक नाही. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यानं माझा कागद वाचून विचारलं, "भाऊ, यात मुर्दाबाद कोणाला म्हणायचं?"

मला ते लागलं. मी त्या ग्रीकाला गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्माला घातलं. गुलामांना शिकवलं म्हणून राजाकडून चाबकाचे फटके खायला लावले. छपाईआधी पत्रकाचं मुद्रित कुणाला तपासायला दाखवायची आमच्यात पद्धत नव्हती, तसं हेही दाखवलं नाही. छापून, टाचून गठ्ठा थेट शिंदखेड्याला नेला.

आबांनी खाटेवर पडूनच दोन्ही पानं वाचली.

"हाई सिद्ध करेल शे का?"

सिद्ध केलेलं नाही, म्हणालो. पण मुलं पेटून उठतील, असंही म्हणालो. त्यावर ते एवढंच बोलले की, पहिल्याच पानावर खोटं सापडलं तर पोरं पुढच्या त्रिकोणावर कशाला विश्वास ठेवतील. पानं फाडावीत, तर दुसऱ्याच्या पाठीवर पहिलं प्रमेय छापलेलं. मग त्यांनी पट्टी आणि टाक मागितला. अलेक्झांड्रियाची आणि तेरा खंडांची ओळ सोडून प्रत्येक ओळीवर रेघ मारली. रेघ सरळ होती.

पुढच्या प्रतींवर मी रेघा मारू लागलो. पाचव्या दिवशी सकाळी आबा गेले. घरात रडारड चालली होती, मी ओसरीत बसून होतो. रडू आलं नाही, रागही आला नाही. दहावा उरकल्यावर गठ्ठा ओढला आणि उरलेल्या प्रतींवर रेघा मारत बसलो. शेवटची प्रत तशीच आपल्यापाशी ठेवावी, असं एकदा मनात आलं. चाबकाचं वाक्य मला चांगलं साधलं होतं. त्याच्यावर पट्टी ठेवली.