कानाने मोजलेली वेळ

आमच्या मुलीच्या कॉलेजात खेळाचे जे सर आहेत, त्यांना सगळे शिट्टीसर म्हणतात. शिट्टी गळ्यात असते, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. त्यांचा घसाच पुरेसा आहे. वय पंचावन्नच्या आसपास, पोट चांगलं सुटलेलं, तरी चालताना टाचा टेकवत नाहीत. कुणी मागून ‘पळ’ म्हणेल याची वाट बघत असल्यासारखे. ते आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीत नीट बसायच्या आतच त्यांनी जाहीर केलं की मुलगी हिरा आहे आणि हिरे वर्गात बसवायचे नसतात. मुलगी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. मी पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला आणि मनात म्हटलं, आली पीडा.

माणूस वाईट नाही, असं त्यांच्याबद्दल सगळे सांगतात. ज्याच्याबद्दल हे इतक्या घाईने सांगावं लागतं, त्याच्यापासून मी आपली चार हात लांब राहते.

एकोणिसाव्या वर्षी, दुसऱ्या वर्षाचे पेपर तोंडावर आलेले असताना, त्यांनी स्वतः कॉलेज सोडलं होतं. कुठल्याशा व्यावसायिक क्लबाने पळायला बोलावलं म्हणून. तिथे ते एक हंगाम टिकले. लोक चाळीस वर्षांच्या नोकरीबद्दल बोलत नसतील इतकं ते त्या एका हंगामाबद्दल बोलतात. निळं जॅकेट, हॉटेलात प्रत्येकाला दोन उशा, एकदा टीव्हीवर दिसलेली त्यांची पाठ. मग गुडघा. मग परत कॉलेजचं हेच मैदान, आधी चुन्याच्या रेघा मारायला, नंतर रोपवाटिकेतल्या रोपांसारखी पोरं वाढवून बाहेर पाठवायला. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली त्यांची एक खोली आहे, घामाच्या आणि मलमाच्या वासाची. तिथे भिंतीवर अकरा फोटो आहेत. अकरा मुलंमुली, प्रत्येकाच्या हातात पेन, समोर करार, मागे सर हसतायत. सही करतानाचे फोटो. परत आल्याचा एकही नाही.

या पाठवणीत सरांचा काही हात ओला होत असणार, अशी माझी खात्री होती. मी चौकशी केली. छदामसुद्धा घेत नाहीत. याने तर मला जास्तच चीड आली. पैसे खाणाऱ्याला निदान कुठे थांबायचं ते कळतं. हे गृहस्थ फुकट, मनापासून पोरांचं नुकसान करत होते.

क्लबाचा माणूस, ज्याला आम्ही घरात करारवाला म्हणतो, मुलीचे शंभर मीटरचे आकडे बघून आला होता. कॉलेजच्या स्पर्धेत तिने अकरा-नऊ दिले होते, म्हणजे बारा सेकंदांच्या आत. क्लबाला बाराच्या आतलीच हवी होती. करार दोन वर्षांचा. सही केली की कॉलेजकडून पळता येणार नाही, फीमाफी बंद, आणि एकदा नाव कमी झालं की पुन्हा प्रवेश नाही. मुलगी करार उशाशी घेऊन झोपत होती.

मी पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाले आणि पुढे आयुष्यभर विम्याचे अर्ज तपासले. त्यामुळे करार वाचायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे मी ते ओढून घेतलं. सातव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की पहिल्या तीन महिन्यांत क्लबाच्या यंत्रावर जी वेळ नोंदली जाईल तीच धरली जाईल, आणि ती बाराच्या आत नसेल तर क्लब करार मोडू शकेल. मी मुलीला दाखवलं. ती म्हणाली, मग काय झालं, मी पळतेच आहे ना बाराच्या आत. सरांना दाखवलं. त्यांनी पान डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं आणि म्हणाले, “ताई, हे सगळ्यांच्याच करारात असतं.”

भिंतीवरच्या सगळ्यांच्याच, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. त्यांतले चौघे मी शोधून काढले. एकजण सामानाची व्हॅन चालवतो, एकजण बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांपाशी बसतो. एक मुलगी व्यायामशाळेच्या काउंटरवर कपाटांच्या किल्ल्या देते. तिला विचारलं, तर सरांबद्दल एक वाकडा शब्द नाही. म्हणाली, “सरांनी खूप केलं हो. तिकडे गेल्यावर मीच मंदावले.” व्हॅनवालाही हेच म्हणाला, दुकानातलाही, आणि चौथा फोनवर. आमच्या ऑफिसात चार अर्जांत एकच वाक्य आलं की आम्ही फाइल बाजूला काढतो.

म्हणून मी एका सकाळी सरावाच्या वेळी मैदानावर गेले. शर्यत सुरू करायला तिथे पिस्तूल नाही. बिजागरीने जोडलेल्या दोन लाकडी फळ्या आहेत, त्या डोक्यावर धरून एकमेकींवर आपटायच्या. स्पर्धेतही त्याच. मी शेवटच्या रेषेवर सरांच्या शेजारी उभी होते. शंभर मीटरवर फळ्या मिटलेल्या मला दिसल्या, मुली उसळल्या, आणि मग ‘खट्’ ऐकू आलं. सरांचा अंगठा त्या ‘खट्’वर दाबला गेला.

आवाजाला शंभर मीटर यायला साधारण तीन दशांश सेकंद लागतात. शाळेत सगळ्यांनी शिकलेलं. सर तेवढा वेळ प्रत्येक मुलाला फुकट देत होते, तीस वर्षं. स्पर्धेतली बाकीची दोन घड्याळंही त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या हातात असायची, तेही असेच शिकलेले. मी सरांना विचारलं, फळ्यांकडे बघून का नाही दाबत? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“डोळ्याची पापणी लवते, ताई. कान कधी मिटत नाही. माझ्या सरांनी मला असंच शिकवलंय.”

अशा आत्मविश्वासापुढे पदार्थविज्ञान काय बोलणार.

घरी मी कागदावर गणित मांडून दाखवलं. अकरा-नऊ म्हणजे खरे बारा-दोन. तीन महिन्यांत यंत्र ते सांगणार, क्लब करार मोडणार, कॉलेज परत घेणार नाही. मुलगी ऐकून घेत होती, पण तिचा चेहरा दगडासारखा. मी म्हटलं, पाहिजे तर मी घड्याळ लावते, फळ्या बघून.

“तू?” ती म्हणाली. “तू आई आहेस. मी थांबावं म्हणून तुझा अंगठा उशीरच करणार.”

ते खोटं नव्हतं. तिचे बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. या सगळ्यात त्यांचं एकच मत होतं, ते म्हणजे कुणी त्यांना मत विचारू नये. मुलगीच म्हणाली, “बाबा लावतील. त्यांना काहीच पडलेलं नसतं.” त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि बटण कुठलं ते विचारलं.

शनिवारी करारवाला सही घ्यायला मैदानावरच आला. बूट इतके चकचकीत की मातीत पाऊल टाकायला कचरत होता. मुलीने त्याला सरळ सांगितलं, आधी एकदा पळणार, मग सही. त्याची हरकत नव्हती. क्लब दर वर्षी डझनभर मुलं उचलतो, दोन टिकतात, आम्हाला आधीपासून ठाऊक असतं, असं तो मला अगदी आपुलकीने म्हणाला, जणू मलाही त्यात भागीदारी देत होता. फळ्या आपटायचं काम त्यालाच दिलं. कोटाच्या बाह्या वर सरकवून तो शंभर मीटर लांब जाऊन उभा राहिला. रेषेवर आम्ही तिघं होतो, सर, मी आणि मुलीचे बाबा. बाबांनी कामावरचा चष्मा लावला होता.

मुलगी पळाली. इतक्या जवळून मी तिला पहिल्यांदाच बघत होते. रेष ओलांडताना तिचे दात विचकलेले होते.

सरांच्या घड्याळात अकरा-नऊ. माझ्या घड्याळात बारा-पाच. बाबांच्या घड्याळात बारा-दोन. तिने तिन्ही घड्याळं हातात घेऊन पाहिली, माझं दोन बोटांत धरून मला परत दिलं, आणि त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ती सरांकडे वळली. “सर, एकदा फक्त फळ्यांकडे बघून दाबा. माझ्यासाठी.”

सर हसले. दमलेली आहेस, वारा समोरून आहे, वगैरे झालं. पण ती परत सुरुवातीच्या रेषेकडे चालत निघालीही होती. थोडा वेळ थांबून, दम खाऊन ती पुन्हा पळाली. मी या वेळी तिच्याकडे न बघता सरांकडे बघत होते. त्यांनी डोळे इतके ताणले होते की पाणी येत होतं.

बाबांच्या घड्याळात बारा-तीन. सरांच्या घड्याळातही बारा-तीन.

सरांनी ते घड्याळ शर्टाला पुसून पुन्हा पाहिलं. माझ्या जिभेवर एक चांगलं झोंबणारं वाक्य तयार होतं. आठवडाभर मी ते घासूनपुसून ठेवलं होतं. तेवढ्यात ते कुणाकडेच न बघता म्हणाले, “मलाही तिकडे गेल्यावर तीनच दशांश कमी पडले होते. मला वाटलं, गुडघा.”

वाक्य मी गिळलं. मला त्यांची दया आली असं म्हणणार नाही; भिंतीवरच्या त्या अकराजणांना विचारल्याशिवाय ती यायला नको.

मुलगी धापा टाकत आली, आकडे तिने बाबांकडूनच ऐकले आणि करारवाल्याला सांगितलं की ती तिसरं वर्ष पूर्ण करणार; बाराच्या आत आली की तीच कळवेल. मी ‘शाब्बास’ म्हणायला तोंड उघडलं, तर माझ्याकडे न बघताच तिने हाताने मला थांबवलं. सराव मात्र सरांकडेच, हेही तिने तिथेच जाहीर केलं. त्यांच्याकडेच? मी विचारलं. तर म्हणे, पळायला तेच शिकवतात, मोजायला बाबा आहेत. बाबांनी दर शनिवारची सुट्टी अशी गेलेली निमूट मान्य केली.

करारवाल्याने कागद पिशवीत घातले, रुमालाने बूट पुसले आणि सरांना विचारलं, दोनशे मीटरमध्ये कुणी मुलगा आहे का, चांगला.

सरांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “मोजावं लागेल.”