नूर महंमद ऊर्फ राजहंस

लीलाधर मास्तरांनी नूर महंमदला अर्जाच्या एकाच रकान्यात संशयित करून टाकलं, आणि तेही मोत्यासारख्या अक्षरात.

साल बावन्न. यावलच्या पाण्याच्या पंपावर इंजिनवाला हवा होता. लढाईहून आलेल्याला आधी घेणार होते. नूर महंमदची उमेद त्या जागेवर. तो लढाईतल्या आपल्या बोटीच्या गोष्टी सांगत होता आणि चष्मा घरी विसरलेले मास्तर कागद नाकाला लावून अर्ज भरत होते.

"पूर्वीचं नाव?" मास्तरांनी रकाना वाचला.

"राजहंस," नूर महंमद म्हणाला. "लढाईत बदललं."

मास्तरांनी लिहिलं: 'नूर महंमद ऊर्फ राजहंस'. सोबतचा बोटीवरच्या नोकरीचा दाखला न वाचता नुसता चाचपला.

आठवड्यात पोलिसातला मोतीलाल जमादार अर्ज घेऊन चौकशीला गल्लीत हजर! ऊर्फवाला माणूस म्हणजे दरोडेखोर, नाहीतर तमासगीर. चहावाल्या झिपरूला जोर चढला. "मी म्हनत नव्हतो? लढाईनी बोटमा मखमलन्या खुर्च्या! हाई बठ्ठं खोटं शे!"

मास्तरांच्याही मनात आता पाल चुकचुकली. यानं आपल्याकडून खोटं तर लिहून घेतलं नाही? त्यांनी वर्गात घ्यावी तशी उलटतपासणी सुरू केली.

"लढाऊ बोटीत मखमल कशी, नूरभाई?"

"शेठची हौसेची बोट होती. सरकारनं लढाईपुरती घेतली. राखी रंग फासला. शेठाणीचा झोपाळा काढला, तिथं तोफ बसवली."

"आणि न्हाणीघर? गुलाबी म्हणे?"

"ते राहिलं. टबात बटाटे ठेवायचो."

"पाणबुडी दिसली?"

"दोन वर्षं शोधली. एकदा दिसली म्हणून तोफ डागली, तर मोठा मासा निघाला. तोही वाचला."

झिपरू खदखदून हसला. मास्तरांना मात्र शंका आली, की थापा मारणारा माणूस निदान एक पाणबुडी तरी बुडवेल. त्यांनी चष्मा चढवला, जमादाराकडे दाखला मागितला आणि इंग्रजीतून मराठी करत मोठ्यानं वाचला: "इंजिनावरचा कामगार नूर महंमद. जहाज शिलेदार, पूर्वीचे नाव..."

पुढचा 'राजहंस' त्यांनी अगदी हळू वाचला. जमादारानं मान लांब करून पाहिलं.

"मग अर्जातला ऊर्फ कोणाचा, मास्तर?"

सगळी गल्ली मास्तरांकडे बघू लागली. पेन्सिल सरसावून जमादार थांबलेला. याच जबाबावर नूर महंमदची जागा. मास्तरांनी अब्रू वाचवायला शेवटचा हात मारला. "पण नूरभाई, लढाईत तुमचंही काही दुसरं नाव असेलच की?"

"मास्तर, रंग बोटीला फासला होता, मला नाही."