बिनछपराचा महाल

वत्सला गेल्याचं तिच्या धाकट्या भावानं, दिनकरनं, फोनवर सांगितलं आणि त्याच दमात म्हणाला, "ताई, तिचं ते चित्र मात्र अर्धवटच राह्यलं बघा." चित्र केव्हाच पूर्ण झालेलं होतं. कितीदा सांगून झालं होतं त्याला!

आम्ही दोघी अजिंठ्याच्या लेण्यांत गाइड. ती मूळची सोयगावची, जपानी शिकलेली. मी हिंदी-मराठी पर्यटकांची. एका म्हाताऱ्या जपानी बाईंनी तिला चित्रांचं पुस्तक पाठवलं, तिकडच्या जुन्या दरबारी कथांवरच्या चित्रांचं. वत्सला त्यात बुडालीच. त्या चित्रांत महालाचं छप्परच काढून टाकलेलं असतं. आपण वरून थेट आत बघायचं. मधूनमधून सोनेरी ढग. डोळा म्हणजे एक रेघ, नाक म्हणजे हुक, सगळे चेहरे सारखेच. शहराच्या छावणी भागातल्या भावाच्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद पसरून ती हेच काढत बसायची. लोकांनी तिला छळलं. हो, छळलंच म्हणते मी. शेजारीण विचारायची, "छप्पर वाऱ्यानं उडालं व्हय?" एका प्रदर्शनवाल्या साहेबांनी तर धड न बघताच 'पूर्ण करून आणा' म्हणून चित्र परत पाठवलं. ती हसायची, मी भांडायचे.

त्यातलं एक चित्र आमच्या दोघींचं होतं. जपानी महालात, पडद्याआड, चहाच्या भांड्याशी दोन बायका. "यातली मी कोणती गं?" मी विचारलं. "पाठ फिरवून बसलीये ती. लई राग येतो ना तुला!" आमचा दोघींचा एकत्र असा एकही फोटो नाही, पर्यटकांचे काढून देण्यातच आयुष्य गेलं. होतं ते एवढंच, दिनकरच्या बैठकीत, टीव्हीच्या वर, कित्येक वर्षं.

शोकसभेत त्याच चित्राला हार घातला होता. आणि चित्रावर छप्पर! लाल कौलांचं, जाड ऑइलपेंटचं, पाट्या रंगवणाऱ्याकडून करून घेतलेलं. दिनकरचे डोळे भरून आले होते. "पूर्ण केलं बघा, ताई. जिंदगीभर लोकं हसले तिला. आता कुणी नाय हसणार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि आतली माणसं कुठं गेली?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

तो चित्राजवळ गेला, थबकला. "आत माणसं होती व्हय?"

खरंच विचारत होता तो. छपराचा राग एखाद दिवशी ओसरेलही, या प्रश्नाचा ओसरणार नाही. चित्र मी काखोटीला मारून घरी आणलं. रंग खरवडला तर खालचंही जाईल, असं जाणकार म्हणतात, म्हणून तसंच टांगलंय. परवा एक पाहुणे आले, चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कौलं काय सुरेख काढलीत हो वत्सलाताईंनी!" त्यांना मी चहासुद्धा विचारला नाही.