मोठी, धाकटी आणि बाबांचे बूट

ती गाडी पुन्हा येतेय, असं मी सांगितलं तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्या बालीगंजच्या फ्लॅटमधून बाहेर पडायचंच ते टाळत होते. टॅक्सीत बसताना कुणी दंड धरला की त्यांचा चेहरा पडायचा, म्हणून मग टॅक्सीच नको. सर्वेक्षण खात्यात असताना जिच्यातून त्यांनी ईशान्येचे डोंगर पालथे घातले, ती चौकोनी गाडी कंपनीने कधीच बंद केली होती. आता ती नव्याने आली होती, सोबत एक बुटकी धाकटी बहीण घेऊन. आम्हाला गाडी घ्यायचीच होती. कुठली का असेना, बाबांनी तिच्यात बसावं आणि घराबाहेर पडावं, एवढंच मला हवं होतं.

शोरूममध्ये मोठी पाहिली आणि गाड्यांतलं ओ की ठो न कळणारी मी चक्क हरखले. तोच सपाट चेहरा, तेच गोल दिवे, मागच्या दारावर तेच चाक. उगाच नटवलेलं काही नाही. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला तो काढेचनात.

"अगदी तीच गं," ते म्हणाले.

पण चढायचं कसं? सेल्सची बंगाली मुलगी "मेशोमशाय, आस्ते, आस्ते", म्हणजे काका, सावकाश, करत धावली, मी दुसऱ्या बाजूने धरलं आणि दोघींनी मिळून त्यांना वर चढवलं. आत बसल्यावर थाट राजेशाही होता, खोटं कशाला बोलू! बाबा मात्र उतरवल्यावर म्हणाले, "छान आहे. चल घरी."

तरीही मी हट्टाने धाकटीची चाचणी मागितली. बाबा नाक मुरडत, दाराची चौकट धरून पुढच्या सीटवर बसले. आपले आपण बसलो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी चालवायला बसले, ती मुलगी मागे.

सॉल्ट लेक उपनगराच्या पुढे चाचणीसाठी चिखलाचा एक पट्टा राखून ठेवला होता. मी तिकडे वळवणार तोच बाबा गरजले, "थांब! आधी चाकं लॉक करू दे."

काही कळायच्या आत ते खाली उतरलेसुद्धा. जुन्या गाडीत चारही चाकांना जोर द्यायचा तर आधी उतरून पुढच्या चाकांवरची कळ हाताने फिरवावी लागे. बाबा घोट्यापर्यंत चिखलात उभे राहून, वाकून ती कळ शोधत होते. तिथे नुसतं गुळगुळीत झाकण होतं.

"मेशोमशाय, अब अंदर बटन है!" मुलगी ओरडली.

बाबा परत येऊन बसले. "बटण!" ते तुच्छतेने म्हणाले. मी ते दाबलं आणि धाकटी कुरकुर न करता, डुलत डुलत चिखल पार करून गेली. बाबांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "लहान आहे, पण काटक आहे. हीच घेऊ."

"आणि मोठी?"

"ती बघायला. हिच्यातून मी उतरलो ना आत्ता?"

मी गाडी शोरूमकडे वळवली.

घरी आल्यावर मी त्यांचे बूट धुवायला घेतले, तर त्यांनी ते हातातून काढून घेतले आणि तसेच चिखलाने भरलेले, जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतील असे दाराबाहेर मांडून ठेवले.