जुन्या वेलीसाठी स्पॅनिश शब्द

नाशकात राहून स्पॅनिशवर पोट भरणारी माणसं अशी असून असणार किती? प्रतिभा त्यांतली एक. ती ही भाषा शिकायला लागली तेव्हा नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं होतं. आता ती दिंडोरीजवळच्या एका वाइनरीत परदेशी पत्रव्यवहार सांभाळते आणि तेच नातेवाईक पोरांच्या व्हिसाची चौकशी करायला निर्लज्जपणे तिच्या दारात येतात.

गेल्या हिवाळ्यात एक इंग्रजी अहवाल स्पॅनिशमध्ये करताना ती 'रिन्यूअल' या शब्दापाशी अडली. करार किंवा पासपोर्ट असेल तर 'रेनोव्हासियोन'. नुसती मुदत वाढवायची तर 'प्रोर्रोगा'. पण इथं विषय जुन्या द्राक्षवेलींचा होता. तिनं वाइनरीला सल्ला देणाऱ्या स्पेनच्या द्राक्षतज्ज्ञाला फोन लावला. तो म्हणाला, वेलीसाठी आम्ही 'रेहुव्हेनेसिमिएंतो' म्हणतो, पुन्हा तरुण होणं. खोडाच्या तळातून आलेला एक फुटवा जपायचा, वाढवायचा, मग वरचं जुनं खोड कापून टाकायचं. मुळं तीच, वेल नवी.

प्रतिभाला वडिलांची बाग आठवली. धोंडीरामनानांनी तरुणपणी लावलेली, कलम न केलेली, स्वतःच्याच मुळांवर वाढलेली बाग. आई गेल्यापासून नाना बोलायचे ते तिथंच, वेलींशी. फळ जवळजवळ थांबलं होतं आणि धाकटा भाऊ संतोष बाग उपटायच्या तयारीत होता. तो काही दुष्ट नव्हता, पण नानांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत होता. प्रतिभानं गळ घातली तेव्हा म्हणाला, "एक हंगाम, ताई. तळातून फुटवे आले तर ठेवू. नाय आले तर मशीन लावणार."

नानांना तिनं सगळं नीट समजावलं. नाना हसले. "परत तरुण? वेलीला तरी होऊ दे बाई."

एप्रिलच्या छाटणीनंतर फुटवे आले. मोजक्याच वेलींना, पण आले! प्रतिभाला रडू आवरेना.

पुढच्या रविवारी ती बागेत गेली तर सगळी खोडं स्वच्छ. नाना ओळीच्या टोकाला उभे होते आणि त्यांच्या मुठीत कोवळी, मलूल पालवी होती. खोडाला आलेला फुटवा रस खातो, दिसला की खुडायचा, हे काम त्यांच्या बोटांनी जन्मभर केलं होतं.

"तुझ्या आईशी बोलत चाललो होतो गं," नाना पुटपुटले. "हातानं कधी खुडलं, कळलंच नाय."

प्रतिभानं त्यांच्या मुठीतली पालवी काढून घेतली आणि बांधापलीकडे फेकली. तेवढ्यात संतोष आला. तो खोडं बघत फिरला आणि त्यानं बहिणीकडे पाहिलं.

"नाही आले रे," प्रतिभा म्हणाली. "खूप वाट पाहिली."

संतोषनं मान हलवली आणि मशीनवाल्याला फोन लावायला खिशात हात घातला.

"आले होते," नाना एकदम मोठ्यानं म्हणाले. "येलींला बोल नको लावू. आले होते."